अँटासिड आणि अँटिबायोटिक: आधी कोणतं, नंतर कोणतं, मध्ये किती तास

प्रश्न थोडक्यात असा: लघवीच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिग्रॅ. सकाळ-संध्याकाळ दिली आहे, सोबत सकाळी पँटोप्राझोल ४०. गोळीने पोटात जळजळ होते म्हणून घरातलं जेल्युसिल किंवा डायजिन दोन चमचे, कधी गोळीच्या आधी तर कधी गोळीच्या पाठोपाठ घेतलं जातं. आज चौथा दिवस, लघवीची आग तशीच आहे. अँटासिडमुळे अँटिबायोटिकचा परिणाम कमी होतो का? होत असेल तर दोन्ही औषधं कशी घ्यायची?

कमी होतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत फार कमी होतो. अँटासिडच्या लगेच नंतर घेतलेल्या गोळीतलं बहुतांश औषध रक्तात पोचतच नाही, ते शौचावाटे निघून जातं. पँटोप्राझोलचा मात्र यात काही दोष नाही, ती सुरू ठेवायला हरकत नाही. "ॲसिडिटीची गोळी" या एकाच नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या जातीची औषधं घेतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो, म्हणून आधी तेवढं वेगळं करू.

पहिली जात जठरात तयार झालेल्या आम्लाला तिथल्या तिथे मारणारी. डायजिन, जेल्युसिल, म्युकेन यांच्या लेबलवर पाहा: अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. काहींत मॅगाल्ड्रेट किंवा मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असतं, काहींत कॅल्शियम कार्बोनेट. ही खरी अँटासिड. दुसरी जात आम्ल तयार होणंच कमी करणारी: पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, तसंच रॅनिटिडीन आणि फॅमोटिडीन. यांत धातू नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचं भांडण धातूशी आहे. आम्ल कमी झाल्याचा तिच्यावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूत एका बाजूला ऑक्सिजनचे दोन अणू शेजारी-शेजारी असतात. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा सुटा आयन जवळ आला की हे दोन अणू त्याला खेकड्याच्या नांगीसारखे दोन्ही बाजूंनी धरतात. ही पकड आतड्यात सहज सुटत नाही. अशी जोडी पाण्यात नीट विरघळत नाही आणि आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जात नाही. पकड सगळ्यांत घट्ट बसते ती अ‍ॅल्युमिनियम आणि लोहाशी, मॅग्नेशियमशी त्याहून कमी, कॅल्शियमशी आणखी कमी. म्हणून दुधाने होणारं नुकसान अँटासिडने होणाऱ्या नुकसानापेक्षा लहान असतं. नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनपैकी साधारण एक तृतीयांश वाया जाते.

अँटासिडचं नुकसान किती, याचं मोजमाप झालेलं आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ अँटासिड आणि सिप्रोफ्लॉक्सासिन वेगवेगळ्या अंतराने देऊन रक्तातलं औषध मोजलं. अँटासिडनंतर पाच-दहा मिनिटांत गोळी घेतली तेव्हा नेहमीच्या तुलनेत फक्त १५ टक्के औषध रक्तात आलं. दोन तास थांबूनही जेमतेम २३ टक्के. चार तासांनी ७० टक्के. सहा तासांनी पूर्ण. आणि क्रम उलटा केला, म्हणजे गोळी आधी आणि दोन तासांनी अँटासिड, तेव्हा काहीच नुकसान झालं नाही.

यातला दुसरा आकडा नीट लक्षात घ्या. "दोन औषधांत दोन तासांचं अंतर ठेवा" असा सरसकट सल्ला मेडिकलच्या काउंटरवर सर्रास मिळतो. गोळी आधी घेतली तर तो बरोबर आहे. अँटासिड आधी घेतलं तर तोच सल्ला तीन चतुर्थांश औषध घालवतो. असं का होतं? सिप्रोफ्लॉक्सासिन लहान आतड्याच्या वरच्या भागातून शोषली जाते आणि एक ते दोन तासांत रक्तातली पातळी शिखरावर पोचते. तेवढ्या वेळात तिचं काम आटोपतं, मागून येणाऱ्या अँटासिडला धरायला फारसं काही उरत नाही. अँटासिड मात्र पोटात रेंगाळतं. उपाशीपोटी घेतलं तर त्याचा आम्लावरचा परिणाम अर्ध्या-एक तासात संपतो, पण जेवणानंतर घेतलं तर तीन तासांपर्यंत टिकतो, कारण जेवणाबरोबर तेही जठरात थांबतं. अ‍ॅल्युमिनियममुळे जठर रिकामं व्हायला आणखी वेळ लागतो. आणि जळजळ थांबली म्हणजे धातू निघून गेला असंही नाही, तो पुढे आतड्यात असतोच, आणि गोळी शोषली जाते तीही तिथेच.

तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनचा नियम: गोळी अँटासिडच्या आधी किमान दोन तास, किंवा अँटासिडनंतर किमान सहा तास. आता हे घड्याळावर बसवू.

सकाळी साडेसहाला पँटोप्राझोल, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. सात ते सव्वासातला नाश्ता: पोहे, उपमा, पोळी-भाजी, भाकरी, काहीही, फक्त दूध, दही, पनीर नको. नाश्ता झाला की साडेसातला सिप्रोफ्लॉक्सासिन, पेलाभर पाण्याबरोबर. साडेनऊच्या आत अँटासिड नाही. साडेनऊ ते दीड या वेळात लागलं तर घ्या. दुपारचं जेवण साडेबारा-एकला उरकलं तर जेवणानंतरचा डोस दीडच्या आत बसतो. दीडनंतर संध्याकाळच्या गोळीपर्यंत अँटासिड बंद, कारण संध्याकाळची गोळी साडेसातला आहे आणि मागे सहा तास मोकळे हवेत. साडेसातच्या गोळीनंतर आठला जेवण, आणि झोपताना जळजळ असेल तर साडेनऊ-दहाला अँटासिड. रात्रभर मध्ये कुणी नाही, सकाळच्या गोळीपर्यंत नऊ-दहा तास सहज मिळतात. मध्यरात्री एक वाजता उठून दोन चमचे घेतले तरी सकाळी साडेसातपर्यंत सहा तास होतात. पहाटे चारला घेतले तर मात्र सकाळची गोळी दहाला घ्या, आणि त्या दिवशी संध्याकाळचीही थोडी पुढे ढकला.

वेळापत्रक पाळताना नेमकं काय चुकतं तेही सांगतो. दुपारी चार-पाचला चहाबरोबर काही तळलेलं खाल्लं जातं, करपट ढेकर येतात आणि हात बाटलीकडे जातो. संध्याकाळचा डोस तिथे पडतो. त्या वेळेला खरंच त्रास होत असेल तर संध्याकाळचं खाणं हलकं करा. तेवढ्यानेही भागत नसेल तर डॉक्टरांना विचारून पँटोप्राझोलची वेळ किंवा मात्रा बदलून घ्या. पँटोप्राझोलचा पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, आणि ती खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी लागते. नाश्त्यानंतर घेतली की "काही उपयोग नाही" असं वाटतं आणि अँटासिडचे चमचे वाढतात.

खरं तर आधी अँटासिडची गरज आहे का, हे पाहावं. सिप्रोफ्लॉक्सासिन उपाशीपोटीच घ्यायला हवी असं नाही. खाऊन घेतली तर शोषण थोडं हळू होतं, एकूण औषध जवळपास तेवढंच मिळतं आणि मळमळ-जळजळ बरीच कमी होते. बरेच जण "अँटिबायोटिक उपाशीपोटी चांगलं लागतं" या समजुतीने रिकाम्या पोटी गोळी घेतात आणि मग त्रास शमवायला अँटासिड घेतात. नाश्त्यानंतर गोळी घेतली तर अनेकदा बाटली उघडावीच लागत नाही. सोबत डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी चालू असेल तर जळजळीचं कारण तीही असू शकते.

दुधाच्या चहाबद्दल: गायीच्या १०० मिलि दुधात साधारण १२० मिग्रॅ. कॅल्शियम असतं, कपभर चहात त्याचा थोडाच भाग येतो. चहाने गोळी वाया जात नाही, पण गोळी चहाबरोबर गिळू नका, पाण्याबरोबर गिळा. दह्याची वाटी, ताक, लस्सी, दुधाचा पेला यांना दोन तासांचं अंतर द्या. अँटिबायोटिकने पोट बिघडू नये म्हणून दही खायला सांगतात. ते दुपारच्या जेवणात खा, गोळीजवळ नको. जेवणात चमचाभर दही किंवा ताकाची कढी असेल तर त्याची धास्ती नको. नुकसान होतं ते नुसत्या दुधाच्या पदार्थाबरोबर, जेवणाशिवाय, गोळी घेतल्याने.

आता बाकीच्या अँटिबायोटिककडे, कारण सगळ्यांना हा नियम लागू नाही. पाकिटाच्या मागे औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरात असतं, त्याचा शेवट वाचा. शेवट "-फ्लॉक्सासिन" असेल तर सावध: सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन. शेवट "-सायक्लिन" असेल तरी सावध: टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन. या दोन घराण्यांत धातू धरण्याचा गुण आहे.

फ्लॉक्सासिन घराण्यात अंतरं सारखी नाहीत. लिव्होफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिनला आधी दोन तास, नंतर दोन तास पुरतात. लिव्होफ्लॉक्सासिन दिवसातून एकदाच असते, सकाळी सातला घेतली तर नऊनंतर दिवसभर अँटासिडची मोकळीक. मॉक्सिफ्लॉक्सासिनला सगळ्यांत मोठं अंतर लागतं: गोळी अँटासिडच्या चार तास आधी किंवा आठ तासांनंतर. सकाळी सातला गोळी, अँटासिड अकराच्या पुढे, रात्री अकरानंतर नाही. नॉरफ्लॉक्सासिनला अँटासिडशी दोन तासांचं अंतर सांगितलेलं असलं तरी हे औषध मुळातच कमी शोषलं जातं, धातूने त्याचं सर्वाधिक नुकसान होतं आणि खाण्यानेही शोषण घटतं. ते जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावं, आणि शक्यतो तेवढे दिवस धातूचं अँटासिड टाळावंच.

सुक्रालफेट हे अल्सरवरचं पातळ औषध या यादीत सहज निसटतं. लोक त्याला अँटासिड समजत नाहीत, आणि ते आम्ल मारतही नाही, पण ते अ‍ॅल्युमिनियमचंच संयुग आहे. नॉरफ्लॉक्सासिनबरोबर एकाच वेळी दिलं तर नॉरफ्लॉक्सासिन जवळपास शोषलीच जात नाही. दिवसातून चार वेळा सुक्रालफेट चालू असेल तर फ्लॉक्सासिनची वेळ बसवणं अवघड जातं. अशा वेळी डॉक्टरांना सांगून तेवढे दिवस सुक्रालफेट थांबवावं किंवा अँटिबायोटिक दुसरं घ्यावं. रुग्णालयात नाकातून घातलेल्या नळीने सुक्रालफेट आणि बारीक केलेली सिप्रोफ्लॉक्सासिन दिली जाते तिथेही हेच घडतं, आणि नळीतून जाणाऱ्या तयार आहारातले क्षार त्यात भर घालतात.

सायक्लिन घराण्याची ही खोड फार जुनी माहीत आहे. ऑरिओमायसिनने, म्हणजे क्लोरटेट्रासायक्लिनने, पोट बिघडतं म्हणून रुग्णांना अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं जेल दिलं जाई, आणि त्याने औषधाचं शोषण कमी होतं हे १९५० मध्येच नोंदलं गेलं. लहान मुलांचे दात पिवळे पडतात म्हणून टेट्रासायक्लिन टाळतात त्यामागेही कॅल्शियमला धरण्याचा हाच गुण आहे.

आज या घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन सर्वाधिक वापरात आहे, आणि आपल्याकडे त्याचा खास हंगाम पावसाळा. मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी २०० मिग्रॅ. डॉक्सिसायक्लिन दिलं जातं. गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळं औषध असतं. दूध डॉक्सिसायक्लिनचं फारसं नुकसान करत नाही, साधारण २० टक्के. अँटासिड आणि लोहाच्या गोळ्या मात्र खूप करतात. सात दिवसांच्या कोर्समध्ये एखादा डोस हुकला तर बाकीचे सावरून घेतात, पण प्रतिबंधासाठी एकदाच घ्यायच्या डोसला सावरणारं मागे कुणीच नसतं. म्हणून तो डोस जेवून, मोठा पेलाभर पाण्याबरोबर, आणि त्याच्या तीन तास आधी व तीन तास नंतर अँटासिड, लोह, कॅल्शियम काही नको. पेलाभर पाणी यासाठी की ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते आणि छातीत भयंकर जळजळ होते. ती ॲसिडिटी समजून लोक वर अँटासिड घेतात. गोळी घेतल्यावर अर्धा ते एक तास आडवं होऊ नका, रात्री अंथरुणावर बसून दोन घोट पाण्याबरोबर तर मुळीच घेऊ नका.

सेफॅलोस्पोरिनमध्ये, म्हणजे ज्यांचं नाव "सेफ-"ने सुरू होतं त्या अँटिबायोटिकमध्ये, प्रकार वेगळा आहे. सेफपोडॉक्झिम आणि सेफ्युरॉक्झिमच्या गोळ्या विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. इथे नुकसान आम्ल कमी झाल्याने होतं, म्हणून डायजिनच काय, रॅनिटिडीन आणि पँटोप्राझोलही आडवी येतात. सेफपोडॉक्झिमचं शोषण साधारण ३० टक्क्यांनी घटतं. तासांचं अंतर अँटासिडपुरतं उपयोगी पडतं, दिवसभर आम्ल दाबून ठेवणाऱ्या पँटोप्राझोलपुढे ते चालत नाही. उपाय सोपा आहे: या दोन्ही गोळ्या भरपेट जेवणानंतर घ्या. सेफ्युरॉक्झिम उपाशीपोटी साधारण ३७ टक्के शोषली जाते, जेवणानंतर ५२ टक्के. चिठ्ठीत सेफपोडॉक्झिमबरोबर केवळ रिवाज म्हणून पँटोप्राझोल लिहिलेली असेल आणि तुम्हाला ॲसिडिटीचा काही त्रास नसेल, तर ती खरंच हवी आहे का हे डॉक्टरांना विचारणं योग्य आहे. सेफ्डिनिरला धातूचा त्रास होतो: अँटासिडने सुमारे ४० टक्के घट, लोहाने त्याच्या दुप्पट. तिला दोन तासांचं अंतर द्या. सेफिक्झिमला अँटासिडने म्हणावा असा फरक पडत नाही.

अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनेट, लिनेझोलिड, को-ट्रायमॉक्साझोल यांच्याबरोबर अँटासिड घेतल्याने बिघडत नाही. मेट्रोनिडाझोलमध्ये किरकोळ घट होते, काळजी करण्याजोगी नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनची रक्तातली शिखर-पातळी साधारण पाव भागाने खाली येते, पण एकूण औषध तेवढंच मिळतं. तरी अँटासिड दोन तास मागे-पुढे ठेवलं की प्रश्नच मिटतो.

टीबीच्या रुग्णांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्यांचा उपचार महिनोन् महिने चालतो आणि गोळ्यांनी पोटात आग होते ही त्यांची नेहमीची तक्रार. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्हींचं शोषण अ‍ॅल्युमिनियमच्या अँटासिडने कमी होऊ शकतं. सकाळच्या एकत्रित गोळ्या घेतल्यावर किमान एक तास, जमल्यास दोन तास अँटासिड घेऊ नका, आणि गोळ्यांच्या आधी तर नकोच. आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या टीबीत लिव्होफ्लॉक्सासिन असते, बहुऔषधप्रतिरोधी टीबीच्या नव्या सहा महिन्यांच्या उपचारात मॉक्सिफ्लॉक्सासिन असते. तिथे वर दिलेली अंतरं सक्तीने पाळायची. अशक्तपणा म्हणून याच रुग्णांना लोह, कॅल्शियम, झिंकच्या गोळ्याही दिल्या जातात आणि सगळं एकाच वेळी, एकाच मुठीत घेतलं जातं. टीबीच्या गोळ्या सकाळी, बाकीच्या सगळ्या संध्याकाळी किंवा रात्री, अशी दोन वेगळ्या डब्यांत विभागणी करून द्या. मॉक्सिफ्लॉक्सासिन असेल तर रात्रीच्या गोळ्या आठ-नऊच्या दरम्यान, म्हणजे सकाळपर्यंत आठ तासांहून जास्त वेळ मिळतो.

यावरून पुढचा मुद्दा येतो: धातू फक्त अँटासिडच्या बाटलीत नसतो. कॅल्शियम-डीच्या गोळ्यांत ५०० मिग्रॅ.पर्यंत कॅल्शियम असतं. लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या, झिंक घातलेलं बी-कॉम्प्लेक्स, खनिजांसह मल्टिव्हिटॅमिन ही सगळी त्याच रांगेत येतात. साधं बी-कॉम्प्लेक्स, ज्यात झिंक किंवा इतर खनिज नाही, ते चालतं. जुलाबात सहा महिन्यांवरच्या मुलांना १४ दिवस २० मिग्रॅ. झिंक देतात. त्याच वेळी डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिली असेल तर दोन्हींच्या वेळा लांब ठेवा. ओआरएसमध्ये सोडियम, पोटॅशियम, सायट्रेट आणि ग्लुकोज असतं, त्याने अडचण नाही, हवं तेवढं प्या.

आयुर्वेदिक गोळ्यांकडेही त्याच नजरेने पाहा. शंखभस्म, प्रवाळभस्म, मोत्याचं भस्म म्हणजे मुख्यतः कॅल्शियमची संयुगं. कामदुधा, सूतशेखर, प्रवाळपंचामृत, शंखवटी या पित्तावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या औषधांत त्यांपैकी एखादं तरी भस्म असतं. मंडूर आणि लोहभस्मात लोह आहे. "हे तर आयुर्वेदिक" म्हणून ती डॉक्टरांना सांगितलीच जात नाहीत. फ्लॉक्सासिन किंवा सायक्लिन चालू असताना त्यांना अँटासिडचेच नियम लावा. कॅल्शियमसाठी रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खाणाऱ्यांनी तो कोर्स संपेपर्यंत थांबवावा.

मूत्रपिंडाच्या रुग्णांनी अधिक जपावं. डायलिसिसवर असलेल्यांना फॉस्फेट कमी करण्यासाठी जेवणाबरोबर कॅल्शियम अ‍ॅसिटेट किंवा सेव्हेलामर दिलं जातं. दोन्हींमुळे सिप्रोफ्लॉक्सासिन निम्म्याच्या आसपास वाया जाते. आणि मॅग्नेशियमचं अँटासिड तर त्यांनी स्वतःहून घेऊच नये, मूत्रपिंड काम करत नसेल तर मॅग्नेशियम शरीरात साचतं.

ईनो आणि खाण्याचा सोडा यांत अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम काही नाही, ते सोडियमचे क्षार आहेत. त्यामुळे सिप्रोफ्लॉक्सासिनला पकडायला तिथे कुणी नाही. तरी लघवीच्या संसर्गात मी तो सल्ला देणार नाही. सोड्याने लघवी अल्कधर्मी होते आणि अल्कधर्मी लघवीत सिप्रोफ्लॉक्सासिन कमी विरघळते, तिचे स्फटिक तयार होऊ शकतात. उन्हाळी लागली की लघवीची आग कमी करणारं सायट्रेटचं गोड-आंबट सिरप सर्रास दिलं जातं, तेही लघवी अल्कधर्मी करतं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिनबरोबर ते घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि कोर्सभर पाणी भरपूर प्या. नायट्रोफ्युरँटॉइन चालू असेल तर सायट्रेट आणि सोडा दोन्ही नकोत, कारण ते औषध आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं अँटासिडही त्याचं शोषण कमी करतं. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घ्यायची असते.

यातून नुकसान काय होतं, तर आजार लांबण्यापुरतंच ते थांबत नाही. फ्लॉक्सासिन घराण्याचा परिणाम रक्तात आणि लघवीत औषध किती जमतं यावर अवलंबून असतो. अपुरी मात्रा मिळाली की नाजूक जंतू मरतात आणि चिवट जंतू तगतात, वाढतात. मग "गोळी लागू पडली नाही" म्हणून पुढचं, महागडं औषध किंवा इंजेक्शन सुरू होतं, आणि अँटासिडचे दोन चमचे कुणाच्या ध्यानातही येत नाहीत.

एकदा चुकून दोन्ही एकत्र घेतली गेली तर? भरपाई म्हणून गोळी दुप्पट घेऊ नका. किती औषध आत गेलं हे सांगता येत नाही, आणि जास्त मात्रेचे स्वतःचे धोके आहेत. पुढचा डोस वेळेवर, अंतर पाळून घ्या. एकाच डोसचा उपचार असेल तर मात्र डॉक्टरांना फोन करून घडलेलं सांगा, पुन्हा डोस द्यायचा का ते त्यांना ठरवू द्या.

तुमच्या बाबतीत चार दिवस दोन्ही एकत्र घेतली गेली आहेत, म्हणून नुसत्या वेळा बदलून कोर्सचे उरलेले दिवस काढणं पुरेसं नाही. आजच डॉक्टरांना सांगा: कोणतं अँटासिड, किती चमचे, गोळीच्या किती आधी किंवा नंतर. लघवीचं कल्चर (लघवीतला जंतू कोणता आणि त्यावर कोणतं औषध चालतं हे पाहणारी तपासणी) उपचाराआधी केलेलं असेल तर त्याचा अहवाल घेऊन जा, नसेल तर आता करायचं का ते विचारा. अहवालात सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे जंतू संवेदनशील असल्याची नोंद असेल तर संशय शोषणावर येतो, आणि योग्य वेळा लावून नव्याने पूर्ण कोर्स देता येतो. जंतू प्रतिरोधी निघाला, आणि आपल्याकडे लघवीच्या संसर्गात ही शक्यता बरीच मोठी आहे, तर वेळा कितीही नीट पाळल्या तरी उपयोग नाही, औषधच बदलावं लागेल. चौथ्या दिवशी डॉक्टरांना या दोन कारणांतून निवड करायची आहे, आणि अँटासिडची माहिती नसेल तर ते साहजिकच दुसरं कारण धरून पुढे जातील.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा लघवीतून रक्त यांपैकी काही असेल तर अहवालाची वाट न पाहता आजच दाखवा. मधुमेह असेल किंवा दिवस गेले असतील तरीही तसंच. तोवर अँटासिड बंद ठेवा, गोळी नाश्त्यानंतर आणि संध्याकाळी काही खाऊन पाण्याबरोबर घ्या, आणि पँटोप्राझोल नेहमीसारखी चालू राहू द्या.